दुरून डोंगर, जवळून बुफे

गैरांगर या गावाची वस्ती अडीचशेच्या आसपास. आमच्या जहाजावर नुसते वाढपीच त्याहून जास्त असतील. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर उन्हाळ्यात हा प्रकार नेमाने चालतो. अरुंद फियॉर्डच्या टोकाला, डोंगरांच्या पायथ्याशी अंग चोरून बसलेल्या गावासमोर सकाळी सकाळी पंधरा मजली इमारत तरंगत येऊन उभी राहते. तिच्या पोटातून तीनेक हजार माणसं बाहेर पडतात, ‘काय शांतता आहे नाही!’ असं एकमेकांना ओरडून सांगतात, फ्रीजवर लावायची चुंबकं विकत घेतात आणि जेवणाच्या वेळेला परत त्याच पोटात शिरतात. गाव पुन्हा अडीचशेचं होतं.

या तीन हजारांत आमचा एक मराठी गट होता. ग्रुप टूरमध्ये नावं लक्षात ठेवावी लागत नाहीत. माणूस कुठून निवृत्त झाला यावर काम भागतं. आमच्यात बँकवाले काका होते, पीडब्ल्यूडीवाले काका होते, भूगोलाच्या बाई होत्या आणि एक बिल्डर होते, जे कुठूनच निवृत्त होत नाहीत. बँकवाल्या काकांबरोबर अर्थातच काकू होत्या. टूर मॅनेजर पंचविशीतला मुलगा. त्याला सगळे ‘बाळा’ म्हणायचे आणि पाऊस पडला तरी त्यालाच जबाबदार धरायचे.

क्रूझ विकताना एकच वाक्य पुरतं: बॅग एकदाच उघडायची. ज्याने युरोपच्या बस टूरमध्ये रोज पहाटे पाचला बॅगेवर बसून चेन लावली आहे, त्याच्या डोळ्यांत या वाक्याने पाणी येतं. इथे हॉटेलच गावोगाव हिंडतं, आपण फक्त खिडकीतून देश बदललेला पाहायचा. हॅम्बुर्गला चढल्या चढल्या सुरक्षेची कवायत झाली. सात आखूड भोंगे आणि एक लांब, म्हणजे संकट. कुठे जमायचं, जॅकेट कसं बांधायचं, सगळं समजावून सांगितलं. काकूंनी एकच शंका विचारली, “हे जेवायच्या वेळेला वाजलं तर?”

पहिलं बंदर बर्गन. बर्गनची ख्याती पावसाची. वर्षभराचा आकडा काढला तर मुंबईच्या जवळपास जातो. फरक एवढाच की मुंबई जेवढा पाऊस चार महिन्यांत उरकून टाकते, तेवढाच बर्गन बारा महिने पुरवून पुरवून वापरतं. तिथला एक जुना विनोद आहे. प्रवासी एका मुलाला विचारतो, “इथला पाऊस कधी थांबतो रे?” मुलगा म्हणतो, “मला काय माहीत, मी बारा वर्षांचाच आहे.” आमच्या गटाला हा विनोद कळायला वेळ लागला नाही, छत्री उघडायला लागला, ती बॅगेत तळाशी होती आणि बॅग एकदाच उघडायची होती.

धक्क्यावर ‘ब्रिगेन’ नावाची लाकडी, रंगीत, एकमेकींना खेटून उभी असलेली घरांची रांग आहे. १९७९ साली युनेस्कोच्या यादीत गेली. घरं थोडी कललेली आहेत. पीडब्ल्यूडीवाले काका बराच वेळ मान वाकडी करून बघत होते, शेवटी म्हणाले, “आम्ही याला नोटीस दिली असती.” इथे चौदाव्या शतकापासून जर्मन व्यापारी राहायचे. उत्तरेतून सुकवलेला कॉड मासा यायचा, तिकडून धान्य यायचं, आणि मधला नफा हे ठेवून घ्यायचे. पण राहण्याचे नियम भलतेच कडक. लग्न करायचं नाही. आणि सगळं लाकडाचं, त्यामुळे आगीच्या भीतीने या घरांत चूल नाही, शेकोटी नाही, दिवासुद्धा नाही. ऊब आणि गरम जेवण हवं असेल तर मागच्या बाजूच्या वेगळ्या इमारतीत जायचं. एवढं करूनही १७०२ साली सगळं जळालंच आणि पुन्हा जुन्या धर्तीवर बांधावं लागलं. काकूंना यात नवल वाटलं नाही. जहाजावर केबिनमध्ये ज्योत लावायला बंदी आहे म्हणून त्यांनी देवापुढे बॅटरीची पणती ठेवली होती. तीही लावायची कधी, हा प्रश्न होताच. जून महिना, रात्रीचे साडेदहा झाले तरी लख्ख उजेड. दिवेलागणच होत नाही म्हटल्यावर सांजवात रोज पुढे ढकलली जायची आणि काकू जागरणाने हैराण व्हायच्या.

फियॉर्डमध्ये शिरलो तेव्हा भूगोलाच्या बाई सगळ्यांच्या आधी डेकवर हजर होत्या. त्यांनी तीस वर्षं फळ्यावर फियॉर्ड काढला होता. हिमयुगात बर्फाच्या नद्या डोंगर खरवडत समुद्राकडे सरकल्या, यू आकाराच्या दऱ्या कोरल्या, बर्फ वितळला, समुद्र आत आला: दोन मार्कांचं उत्तर. आता तेच उत्तर दोन्ही बाजूंना हजार-हजार मीटर उभं होतं. सोग्नेफियॉर्ड लांबीला दोनशे किलोमीटरहून अधिक आणि खोलीला तेराशे मीटरच्या वर. डोंगर जसा पाण्यावर उभा तसाच पाण्याखालीही उतरत जातो, म्हणून एवढं अवाढव्य जहाजही कड्याच्या इतकं जवळून जातं की बाल्कनीत वाळत घातलेला टॉवेल झाडाला अडकेल असं वाटावं. बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मी उतार फारच कमी काढत होते.”

गटातल्या बाकीच्यांचं कौतुक मात्र फार लवकर संपलं. आश्चर्य वाटण्याचा माणसाचा रोजचा कोटा ठरलेला असावा आणि तो आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच लहान असावा. पहिल्या तासाला ‘अप्रतिम’, दुसऱ्या तासाला ‘मस्त’, तिसऱ्या तासाला ‘हं’. ताम्हिणीत एक धबधबा दिसला तर गाडी थांबवून वीस फोटो काढणारी माणसं इथे दहाव्या धबधब्याकडे पाठ करून लोणच्याची बाटली कोणाकडे आहे याची चौकशी करतात. निसर्गाने इथे प्रमाण सोडलं आहे हे खरंच आहे. एक धबधबा दाखवून दुसरा थोडा राखून ठेवावा, हा विक्रीचा साधा नियम त्याला ठाऊक नाही.

या फियॉर्डमध्ये सुट्टीला येण्याचा नाद जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म यालाही होता. १८८९ पासून जवळपास दर उन्हाळ्यात तो आपलं आलिशान जहाज घेऊन नॉर्वेला यायचा. १९१४ च्या जुलैत ऑस्ट्रियाने सर्बियाला निर्वाणीचा खलिता धाडला तेव्हाही हा गृहस्थ सोग्नेफियॉर्डमध्ये बालेस्ट्रांडला मुक्काम ठोकून होता. युरोप पेटायला आला होता आणि सम्राट डोंगर बघत होता. शेवटी सहल अर्धवट टाकून परत जावं लागलं आणि मग महायुद्धच झालं. बाईंनी ही हकिगत सांगितल्यावर बँकवाले काका कळवळून म्हणाले, “एलटीसीवर गेलं की हेड ऑफिसला नेमकं तेव्हाच ऑडिट आठवतं.”

फ्लोमच्या बंदरावरून एक रेल्वे निघते. २० किलोमीटरच्या अंतरात ८६० मीटरहून अधिक चढते. बहुतेक ठिकाणी १८ मीटरला १ मीटर, आणि तेही दात्यांच्या रुळांशिवाय. “आपला बोरघाट ३७ ला १ आहे,” असं पीडब्ल्यूडीवाले काका म्हणाले आणि संपूर्ण प्रवासभर ब्रेकचा आवाज ऐकत बसले. वाटेत क्योस धबधब्यापाशी गाडी थांबते. सगळे फलाटावर उतरतात. तुषारांनी चष्मे ओले होतात आणि अचानक कुठूनतरी गाणं ऐकू येतं. धबधब्याशेजारच्या कातळावर लाल झग्यातली एक बाई नाचू लागते. ही हुल्ड्रा. नॉर्वेच्या लोककथांतली रानातली मोहिनी. पुढून देखणी, मागे गाईची शेपटी, पुरुषांना भुलवून डोंगरात नेते म्हणे. ती एका कातळावर दिसेनाशी होते आणि क्षणात भलत्याच उंच कातळावर उगवते. सगळा फलाट थक्क. बिल्डर म्हणाले, “दोन पोरी आहेत. एवढ्या वेळात कोण चढतंय.” मोहिनी उन्हाळ्यात रोज, गाडीच्या वेळापत्रकाप्रमाणे, नाचायला शिकणाऱ्या मुलींच्या पाळ्या लावून भुलवते हे कळल्यावर काकूंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी काकांचा हात तेवढ्यापुरता धरला होता, तो सोडला.

जहाजावरच्या न्याहारीला ‘ब्रुनोस्ट’ म्हणजे तपकिरी चीज असायचं. चीज करताना उरलेलं पाणी आटवत आटवत नेलं की त्यातली साखर करपते आणि ही तपकिरी वडी तयार होते. चव विचाराल तर बासुंदी तळाला लागली असताना तिच्यात कोणी चिमूटभर मीठ टाकावं तशी. २०१३ मध्ये नॉर्वेच्या उत्तरेला एका बोगद्यात हे चीज भरलेला ट्रक पेटला. सत्तावीस टन. चरबी आणि साखर एकत्र आल्यावर आगीला काय कमी? कित्येक दिवस बोगदा जळत होता. ही माहिती बाळाने उत्साहाने सांगितली, तेव्हा काकूंनी ताटलीतली वडी हळूच काकांच्या ताटलीत सरकवली. काकांचं पित्त त्यांच्या लेखी आधीच पेटलेलं होतं.

गैरांगरच्या फियॉर्डमध्ये जहाज शिरलं ते भल्या पहाटे. ध्वनिक्षेपकावर घोषणा झाली की डाव्या हाताला ‘सात बहिणी’ दिसत आहेत. शाली गुंडाळून, चहाचे कप सांभाळत मंडळी बाहेर आली. कड्याच्या माथ्यावरून सात धारा शेजारी शेजारी पडत होत्या. सगळ्यात उंच धारेची उडी अडीचशे मीटरची. समोरच्या कड्यावर, फियॉर्डच्या पलीकडे, एकटाच एक धबधबा. त्याचं नाव ‘फ्रियारेन’, म्हणजे मागणी घालायला आलेला. आख्यायिका अशी की त्याने सातही बहिणींना मागणी घातली, सातही जणींनी नकार दिला आणि तो दारूला लागला. त्या धबधब्यात पाणी खडकाभोवती असं फाकतं की मधोमध बाटलीचा आकार दिसतो.

आतापर्यंत जांभया देणारा गट खडबडून जागा झाला. निसर्गाचं काही बोलायचं उरलं नव्हतं. स्थळाचं मात्र पुष्कळ होतं.

“सातही जणींनी नाही म्हटलं? मग मुलातच काहीतरी असणार,” काकू म्हणाल्या.

“अगं, नकार आल्यावर प्यायला लागला तो,” काका म्हणाले.

“सगळे असंच सांगतात. आधीपासूनच घेत असणार.”

“समोरासमोर प्लॉट होता,” बिल्डर हळहळले. “एकीने तरी विचार करायला हवा होता.”

डोंगरावरचं बर्फाचं पाणी कमी झालं की उन्हाळ्याच्या शेवटी सातपैकी तीन-चारच बहिणी दिसतात, अशी माहिती बाईंनी पुरवली. “म्हणजे बाकीच्यांची जमली,” काकू समाधानाने म्हणाल्या. पुढचा अर्धा तास जहाजाच्या डेकवर विवाह मंडळ भरलं होतं आणि फियॉर्ड मागे सरकत होता.

त्याच कड्यांवर, पाण्यापासून अडीचशे मीटरवर, जेमतेम पाय मावेल अशा पट्टीवर काही घरं दिसतात. दुर्बिणीतून बघेपर्यंत ती खरी वाटत नाहीत. ही शेतं. उजव्या हाताचं स्कागेफ्लो हे त्यातलं नाव असलेलं. इथे माणसं शेळ्या पाळून, कड्यावरचं गवत कापून पिढ्यान्‌पिढ्या राहिली. पोरं कड्यावरून पडू नयेत म्हणून त्यांना दोरीने बांधून ठेवत, असं सांगतात. वर जायचा मार्ग म्हणजे पायवाट आणि एके ठिकाणी शिडी. सरकारी वसुली कारकून होडीतून येताना दिसला की ती शिडी वर ओढून घेतली जाई, अशी दंतकथा आहे. बँकवाल्या काकांनी आयुष्यात थकबाकीदारांच्या अनेक युक्त्या पाहिल्या होत्या. ते रेलिंगला हात टेकून बराच वेळ त्या शेताकडे बघत राहिले. “एनपीए,” ते पुटपुटले, पण आवाजात आदर होता.

पलीकडे सात बहिणींच्या शेजारच्या शेतावर डोक्यावरचा कडा कोसळण्याचं भय होतं, म्हणून तिथली माणसं जागा सोडून गेली. पुढे स्कागेफ्लोही ओस पडलं. नुसत्या या फियॉर्डची ही गोष्ट नाही. १८२५ ते १९२५ या शंभर वर्षांत आठ लाखांहून जास्त नॉर्वेजियन माणसं अमेरिकेला निघून गेली. तेव्हा त्यांच्या परसात हेच धबधबे होते आणि हेच डोंगर. शेतीला जमीन मात्र नव्हती. १९९३ मध्ये राजा हाराल्ड आणि राणी सोन्या यांनी लग्नाचा पंचविसावा वाढदिवस साजरा करायला जागा कुठली निवडली? स्कागेफ्लो. ज्या घरात पोराला दोरीने बांधावं लागत होतं तिथे राजघराण्याची पंगत बसली. देखावा म्हणजे दुसरं काय असतं? ज्या डोंगरावरून आपल्याला रोज गवताचा भारा उतरवावा लागत नाही, तो देखावा. राहणाऱ्याला चढ दिसतो, बघायला येणाऱ्याला कडा.

गावात उतरल्यावर पीडब्ल्यूडीवाल्या काकांना खरा आनंद झाला तो ‘ओर्नेवेगेन’ म्हणजे गरुडमार्ग पाहून. १९५५ मध्ये सुरू झालेला, अकरा वळणांचा घाटरस्ता. सगळे वरून फियॉर्डचे फोटो काढत होते, काका खाली वाकून गटार बघत होते. “पाणी काढलंय बघा कसं,” ते प्रत्येकाला बोलावून दाखवत होते. बिल्डर दुसऱ्या बाजूला समोरच्या उतारावर किती बंगले बसतील याचा हिशेब करत होते. त्यांना बाईंनी सांगितलं की या भागातल्या ओकेर्नेस नावाच्या डोंगराला मोठी भेग पडलेली आहे आणि ती रुंदावते आहे. डोंगराच्या अंगावर यंत्रं बसवून तिच्यावर अहोरात्र लक्ष ठेवतात, कारण तो कडा सुटून पाण्यात पडला तर उठणारी लाट गैरांगर आणि हेलेसिल्ट दोन्ही गावांत शिरेल. जवळच टाफियॉर्डमध्ये १९३४ साली असंच झालं होतं. चाळीस माणसं गेली. बिल्डरांनी मान डोलावली आणि म्हणाले, “म्हणजे रेट पडलेले असणार.” 

जहाजावर आमच्या टेबलाला वाढणारा मुलगा गोव्याचा, मडगावजवळचा. या जहाजांवर गोव्याची पोरं पुष्कळ; त्यांच्या गावांत आजोबाही बोटीवर आणि नातूही बोटीवर, हे काही नवीन नाही. आमचं मराठी ऐकून तो पहिल्याच रात्री खुलला आणि दुसऱ्या दिवसापासून कुठूनतरी हिरव्या मिरच्या येऊ लागल्या. कित्येक उन्हाळे तो याच मार्गावर होता. काकूंनी विचारलं, “बाबा, तुला रोज हे सगळं बघायला मिळतं, भाग्यवान आहेस.”

तो ताटल्या उचलता उचलता म्हणाला, “खंय बघता काकी? जहाज आत शिरतं तेव्हा माझी ब्रेकफास्टची ड्युटी. बाहेर निघतं तेव्हा डिनरची तयारी. सात बहिणी मी फ्रीजच्या चुंबकावर बघितल्या. मला सात नंबरचं टेबल बघावं लागतं.” सात नंबरचं टेबल आमचंच होतं.

मग टेबलावर थोडा वेळ कोणी काही मागितलं नाही. बँकवाल्या काकांनी स्वतः उठून पाणी आणलं, जे त्यांनी लग्नानंतर प्रथमच केल्याचं काकूंनी तिथल्या तिथे जाहीर केलं.

अशी जहाजं इथे फार काळ येतील असंही नाही. युनेस्कोच्या यादीतल्या या फियॉर्डमध्ये धूर सोडणारी जहाजं नकोत, असं नॉर्वेच्या संसदेने २०१८ मध्ये ठरवलं. लहान जहाजांना २०२६ पासून नियम लागू, मोठ्यांना २०३२ पर्यंत मुदत. आमचं जहाज अर्थातच मोठ्यांत. हे कळल्यावर गटाला आपण वेळेत येऊन गेल्याचा आनंद झाला. जी गोष्ट बंद होणार असते ती बघितल्याचं समाधान मराठी माणसाला काही निराळंच असतं.

शेवटचं बंदर ऑलेसुंड. १९०४ च्या जानेवारीत एका रात्रीत सगळं शहर जळालं, दहा हजारांवर माणसं उघड्यावर आली. पहिल्या मदतीत विल्हेल्मची जहाजं होती. डोंगर बघायला येणाऱ्याने निदान एवढं तरी केलं. मग तीन-चार वर्षांत दगड-विटांचं नवं शहर उभं राहिलं. बुरूज, मनोरे आणि वेलबुट्ट्यांनी नटलेलं. लाकडी घरांना पुन्हा परवानगी नाही म्हटल्यावर पीडब्ल्यूडीवाल्या काकांनी समाधानाचा सुस्कारा सोडला. टेकडीवर जायला ४१८ पायऱ्या आहेत. तिथून शहर, बेटं आणि समुद्र एका नजरेत येतो असं वर जाऊन आलेल्या बाईंनी सांगितलं. बाकीचे खाली कॉफीच्या दुकानात होते.

दुकानातली मुलगी तिथलीच. बँकवाले काका प्रत्येक कॉफीचे क्रोन मनातल्या मनात रुपयांत करून कण्हत होते. मुद्दल वसूल व्हावं म्हणून त्यांनी तिच्याशी गप्पा सुरू केल्या. एवढ्या स्वर्गासारख्या जागी राहता, मग सुट्टीत तुम्ही जाता तरी कुठे?

“कॅनरी बेटांवर,” ती म्हणाली आणि तिचा चेहराच उजळला. “आमच्याकडचे बहुतेक तिकडेच जातात.”

“तिकडे काय आहे बघायला?”

“काहीच नाही. ऊन आहे. वाळूत पडून राहायचं.”

“डोंगर?”

“आहेत. पण त्यांच्याकडे पाठ करून झोपता येतं.”

काकूंनी इतके दिवस ऐकलेल्या वर्णनांपैकी हे पहिलंच त्यांना मनापासून पटलं. बिल्डरांनी तिकडच्या जागांचे भाव विचारले, पीडब्ल्यूडीवाल्या काकांनी रस्त्यांची चौकशी केली, आणि बाळाने पुढच्या वर्षीच्या टूरसाठी कॉफीच्या बिलामागेच नावं लिहून घ्यायला सुरुवात केली.